अंजुमनची एकुलती एक सभासद

आमच्या गावात अंजुमन निघाली तेव्हा गावातल्या झाडून साऱ्या जमीनवाल्या पुरुषांना ओहदे, म्हणजे हुद्दे, मिळाले. मी बाई, म्हणून मला मिळाला नाही. पुढे जे बरंवाईट झालं ते या एका गोष्टीमुळे झालं, असं माझं ठाम मत आहे. माझी मतं ठामच असतात. आमचे हे म्हणायचे, "तुझं मत म्हंजे उखळ हाय. घरात एकदा पुरलं की पुरलं."

अंजुमन म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी मंडळी. पुढे तिला सोसायटी म्हणू लागले. तेव्हा निजामाचं राज्य होतं, सरकारातले शब्द सगळे उर्दू होते आणि आम्हाला ते आमचेच वाटायचे. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे आमचं गाव. मिरचीचं गाव. हिवाळ्यात वाळत घातलेल्या मिरचीनं सगळी माळवदं, म्हणजे घरांची धाबी, लाल व्हायची, आणि गावात शिरलेला पाहुणा आधी शिंकायचा, मग रामराम म्हणायचा. ही मिरची आडत्यांची माणसं दारात येऊन उचलायची. प्रत्येक घराला वेगळा भाव, आणि शेजाऱ्याला काय मिळालं ते शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. म्हणून साऱ्यांनी मिळून एकदम जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, माल न्यावा, यासाठी ही अंजुमन.

ती स्थापन करायला तालुक्याहून साहेब आले. शेरवानी घातलेले, सज्जन, घाईतले. त्यांना वाटलं, एक सदर म्हणजे अध्यक्ष, एक मोतमद म्हणजे चिटणीस आणि एक खजानची, एवढे तिघे नेमले की दुपारच्या जेवणाला मोकळे. बिचाऱ्यांना आमचं गाव ठाऊक नव्हतं.

सदर झाले माझे चुलतकाका. ते माळीपाटील, म्हणजे सारा गोळा करणारे पाटील. त्यावर वाद नव्हताच, कारण वाद घालणाऱ्याकडे काका नुसते बघायचे आणि तेवढं पुरायचं. पण माळीपाटील सदर झाले म्हटल्यावर पोलीसपाटील उठून चालू लागले. त्यांना ओढून आणून नायब सदर केलं. मग वरच्या आळीला मोतमद दिला तर खालच्या आळीनं चहा घेतला नाही. खालच्या आळीला खजानची दिला. पेटी आली म्हणून किल्ली सांभाळणारा आला, आणि किल्लीवाल्याच्या भावकीचं समाधान व्हावं म्हणून कुलूप सांभाळणारा वेगळा आला. या दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे ती पेटी माझ्या आठवणीत कधी उघडलीच नाही. तराजूचा एक, मापांचा एक, सतरंजीचा एक. आमच्या ह्यांना उर्दू लिहिता यायचं, म्हणून ते नायब मोतमद.

शेवटी कायद्याला एक नाव कमी पडायला लागलं. वडिलांनी जमीन माझ्या नावावर करून ठेवली होती, म्हणून मला सहीसाठी चावडीच्या दाराशी बोलावलं. साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"ये तो सब ओहदेदार हैं," ते म्हणाले. "मेंबर कौन है?"

ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे बघितलं. मग काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय की. हिला करा मेंबर."

साहेब जेवायला उठले. अशी मी अख्ख्या अंजुमनची एकुलती एक सभासद झाले. घरी येऊन मी तवा असा आपटला की शेजारची कुत्री भुंकू लागली. हे म्हणाले, "रागावती कशाला? सगळ्यांचा कारभार तुझ्यासाठीच चाललाय असं समज." आणि हसू लपवायला विहिरीकडे गेले.

आता काकांबद्दल सांगायला हवं. मी आईवडिलांची एकटी, आणि हे घरजावई. गावात सारे ह्यांना जावईबापू म्हणायचे, त्यात आदर किती आणि गंमत किती ते ज्याचं त्यानं ठरवायचं. वडील गेल्यापासून काकांचं एकच म्हणणं होतं. माझी जमीन ते नेहमी "भावकीचं वावर" म्हणायचे. "भावकीचं वावर जावयाच्या हातानं पिकत न्हाई, पोरी. मला बटईनं दे. अर्धं तुझ्या घरी आणून टाकतो, तू बस आरामात." काका वाईट नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की ते माझ्यावर उपकार करताहेत. म्हणूनच मला जास्त राग यायचा. त्या वावरातली विहीर वडिलांनी स्वतः उतरून खणली होती. एकदा ते बटईत गेलं की आपल्या हातात परत येत नाही, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. मला आराम नको होता. मला ते वावर हवं होतं.

अंजुमनच्या पहिल्या साली मिरची जालन्याला गेली ती मानानं गेली. पोळ्याला बैल वेशीत शिरतात तसं आधी सदरांची गाडी, मग नायब सदरांची, मग मोतमदांची, अशी उतरत्या मानानं रांग. आमची गाडी तर पार शेवटी. ह्यांना मात्र ओहद्याप्रमाणे मोतमदांच्या मागच्या गाडीत दप्तर मांडीवर घेऊन बसावं लागलं, त्यामुळे आमची गाडी सालदारानं एकट्यानं हाकली.

मोंढ्यात काय झालं ते ह्यांनी परत आल्यावर सांगितलं. आडत्यानं रीतीप्रमाणे पहिल्या गाडीतल्या पहिल्या पोत्यात हात घातला. आता काकांचं वावर चांगलं, पाणी भरपूर, पण ते कारभारात गुंतलेले. त्यांची मिरची माळवदावर दव खात पडून राहायची आणि फटकी व्हायची. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढुरकी, जिला ना तिखटपणा ना तेज. आडत्यानं ती तळहातावर घेतली, बाकीच्या गाड्यांकडे मानसुद्धा वळवली नाही आणि साऱ्या रांगेला फटकीचा भाव लावला. एकत्र माल म्हणजे एक भाव. दारात येणाऱ्या माणसांनी सुद्धा आम्हाला याहून बरं दिलं असतं.

"मंग तुम्ही बोलला न्हाईत?" मी विचारलं.

"कसं बोलणार? सदर बोलल्याबगर नायब सदरानं बोलायचं न्हाई, त्यानं बोलल्याबगर मोतमदानं न्हाई. माझा नंबर येईपर्यंत पोती उतरून झाली व्हती."

त्या आठवड्यात काका आले. ओसरीवर बसले, पान लावलं आणि म्हणाले, "बघितलं ना? अंजुमन करूनबी तुझं भागलं न्हाई. आता एक साल बघ. पुढल्या सालीबी असंच झालं तर भावकीचं वावर माझ्याकडं दे, झंजट नको." ह्यांनी मान खाली घातली. मी आत चुलीपाशी होते. मी बाहेर येऊन "बरं" म्हणाले. का म्हणाले ते आजही सांगता येत नाही, पण राग आला की मी एकतर खूप बोलते नाहीतर एकच शब्द बोलते.

मग मी विचार करू लागले. ओहदेदारांना काही नवं करायचं तर आधी बैठक, बैठकीला ठराव, ठरावाला सदराची सही, सहीला काकांची फुरसत. शिवाय ओहदा असलेल्या माणसाला ओझं उचलता येत नाही, घासाघीस करता येत नाही, आणि एखादी गोष्ट फसली तर तोंड दाखवता येत नाही. मला यातलं काहीच नव्हतं. मी नुसती सभासद. माझ्याकडून कुणाची कसली अपेक्षाच नव्हती. सुरुवातीला अपमान वाटलेली ही गोष्ट मला हळूहळू मोकळ्या रानासारखी वाटू लागली.

एक रीत तर आमच्या गावात अंजुमनच्या कितीतरी आधीपासून होती. सावड. तुझ्या वावरात आज मी राबते, माझ्या वावरात उद्या तू राब. हिला ना सदर लागतो ना सही. सावडीत बसलेल्यांत मोठंधाकटं कुणी नसतं, दिवसाला दिवस फिटला की झालं. मी सगळ्यात आधी गेले ती काकूंकडे, म्हणजे खुद्द सदरांच्या घरात.

"काकू, यंदा मिरची निवडायची सावड करू," मी म्हणाले. "एकेका घरी साऱ्याजणी बसू. तेजाची एकीकडं, फटकी एकीकडं. साऱ्या घरची तेजाची एकत्र, साऱ्या घरची फटकी एकत्र. कुणाची किती निघाली तेवढं मापून ध्यानात ठेवायचं."

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. "सदरांला इचारलं का?"

"सभासदानं सदरला कशाला इचारायचं? मी तुमाला इचारून राह्यले."

काकू हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि त्या हसल्या की फार छान दिसायच्या. "आमच्या घरी फटकीच जास्त निघंल बघ," त्या म्हणाल्या. "मी कवाची सांगून राह्यले, माळवदावरून येळेवर उतरवा. पण कारभाऱ्याला येळ कुठंय!"

त्या हिवाळ्यात आमची निवडाई म्हणजे एक जत्राच होती. साऱ्या ओहदेदारांच्या बायका, नाकाला पदर बांधून, खोकत, शिंकत, डोळ्यांतून पाणी काढत, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करत बसलेल्या. कुलूपवाल्याची बायको आणि किल्लीवाल्याची बायको मांडीला मांडी लावून बसायच्या. त्यांचं भांडण त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना कधी नीट समजावूनच दिलं नव्हतं. हातांची आग व्हायची, मग ताकात हात बुडवायचे आणि पुन्हा बसायचं. पुरुषांनी बघितलं, पण बायका मिरची निवडतातच, त्यात विचारायचं काय? कुणीच काही विचारलं नाही.

आता प्रश्न गाड्यांच्या रांगेचा. फटकी आडत्यापासून लपवायची नव्हती. ती उघड, वेगळी, शेवटी विकायची होती. पण सर्वात पुढे जाणार काका. त्यांना "मागं व्हा" असं म्हणणारा माणूस गावात जन्मला नव्हता. निघायच्या आदल्या सकाळी चावडीत सारे जमले तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"काका, एक इचारू? तालुक्याचे साहेब दौऱ्यावर निघतात तवा पुढं कोण असतं?"

"शिपाई असतो."

"अन साहेब?"

"साहेब मागून येतो. साहेब कधी पुढं चालंल का?"

"मंग मागच्या साली तुम्ही पुढं होता, तर मोंढ्यातल्या लोकांनी तुमाला काय समजलं असंल?"

काकांचं पान चावणं थांबलं. चावडीत कुणी कुणाकडे बघेना. मग काकांनी हुकूम सोडला की यंदा सदरांची गाडी सर्वांत मागून येणार. झालं! नायब सदर म्हणाले, मग मी पुढे कशाला, मी सदरांच्या लगोलग पुढे. मोतमदांना त्यांच्या लगोलग पुढे यायचं होतं. सगळ्यांना मागे राहायचं होतं आणि पुढे जायला कुणी तयार होईना. तेव्हा काका वैतागून म्हणाले, "अरे, ती सभासद हाय ना! तिची गाडी घाला पुढं."

मी पदरात तोंड लपवलं. हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या. ह्यांना पुन्हा दप्तरासकट मधल्या गाडीत बसणं भाग होतं, म्हणून आमच्या गाडीबरोबर मी स्वतः गेले. आणि काकांच्या गाडीत काय भरलं होतं? साऱ्या गावाची फटकी. पोती काकूंनी स्वतः चढवून घेतली होती आणि काकांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "तुमच्या गाडीत साऱ्या गावाचा माल हाय, संभाळून न्या." काका त्यावर खूश होते. ते ऐकून मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

जालन्याच्या मोंढ्यात आम्ही सकाळी पोचलो. माझी गाडी आत शिरली आणि वेशीपाशी बाकीच्या गाड्या अडकल्या, कारण "आधी तुम्ही, आधी तुम्ही" सुरू झालं. आडत्या माझ्या गाडीपाशी आला. पोत्यात हात घातला. मिरची बाहेर काढून त्यानं उन्हात धरली आणि गप्प झाला. आडत्या गप्प झाला की माल चांगला असतो, हे मला वडिलांनी सांगितलेलं होतं. मग त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

मोंढ्यात भाव तोंडानं ठरत नसे. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारच्या माणसाला काही कळू नये, यासाठीच तो रुमाल.

"बाई, घरचं मर्द माणूस बोलवा," तो म्हणाला. "हात कुणाला देऊ?"

हे तोवर धापा टाकत आले होते. "मी नायब मोतमद," हे म्हणाले. "ठराव झाल्याबगर मला हात देता येत न्हाई. नायब सदरांना बोलवावं लागंल. अन ते सदरांच्या पुढं वेशीत अडकलेत."

माझा राग इतका चढला की मी गाडीवरून खालीच उतरले. "हाताचं राहू द्या," मी म्हणाले. "परक्या मर्दाच्या हातात मी हात देणार न्हाई, अन बोटाचं मला समजतबी न्हाई. भाव तोंडानं बोला. मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

मला बिलकुल कमी ऐकू येत नव्हतं. आडत्या हसला, आजूबाजूचे हसले, आणि गंमत बघायला आणखी चार जण जमले. त्यांच्यात समोरचा दुसरा आडत्याही होता. पहिल्यानं गमतीत एक भाव मोठ्यानं सांगितला. दुसऱ्यानं मिरची हुंगली आणि त्याहून वरचा सांगितला. पहिल्याचं हसू गेलं. तिसरा आला. माझ्या मिरचीचा भाव साऱ्या मोंढ्यात ओरडून सांगितला जात होता आणि वेशीत अडकलेल्या आमच्या साऱ्या ओहदेदारांना तो ऐकू जात होता. एकदम त्यांच्या लक्षात आलं की आत जायला हवं. मग मात्र कुणी कुणाला "आधी तुम्ही" म्हणालं नाही.

आडत्यानं दुसऱ्या गाडीत हात घातला, तिसऱ्या गाडीत घातला. तोच रंग, तेच तेज. भाव टिकला. असं करत करत तो शेवटच्या गाडीपाशी गेला. तिथे काका पागोटं सावरून, मांडी घालून, साहेबासारखे बसले होते. आडत्यानं पोतं सोडलं आणि मूठभर पांढुरकी मिरची बाहेर काढली. सारे बघत होते. काकासुद्धा बघत होते. त्यांनी दुसरं पोतं स्वतः सोडलं, मग तिसरं. सारी फटकी.

"ही कुणाची?" आडत्यानं विचारलं.

 मला वाटलं, संपलं. भर मोंढ्यात मी त्यांची फजिती केली, आता ते उठतील, गाड्या फिरवतील, आणि उद्या गावात माझ्या ओसरीवर बसून वावर मागतील. मी नाहीसुद्धा म्हणू शकणार नाही. काका माझ्याकडे बघत होते, ते बघणं गावात सगळ्यांना पुरायचं. मी खाली बघितलं नाही. मला खाली बघायचं होतं, पण मान वाकेना.

"बोला की पाटील, कुणाची ही?"

काकांनी मूठभर फटकी उचलून नाकाशी नेली आणि त्यांना शिंक आली. मग ते म्हणाले, "अंजुमनची."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून कशाच्याही बाबतीत "माझी" आणि "भावकीची" सोडून दुसरा शब्द ऐकला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आडत्यानं सवयीनं रुमाल काढला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. "हिचा भावबी तोंडानं बोला," ते म्हणाले. "मलाबी कमी ऐकू येतं."

फटकी फटकीच्या भावानं गेली, चांगली चांगल्या भावानं. आणि परतीच्या वाटेवर गाड्या कशाही आल्या, कुणाची कुठेही.

त्यानंतरच्या बैठकीत सर्वांनी मला सदर करायचं ठरवलं. ठराव, सही, सगळं तयार. मी दारातूनच ओरडले, "मला सदर केलं तर पुढच्या गाडीत कोण बसंल? ओझं कोण उचलंल? आडत्याला मोठ्यानं बोल म्हणून कोण सांगंल? मला नुसती सभासद राहू द्या, मेहेरबानी करा." आमचे हे पटकन म्हणाले की त्यांनाही नायब मोतमदी सोडायची आहे. पाठोपाठ किल्लीवाल्यानं किल्ली सोडली. कुलूपवाला म्हणाला, मग मी एकट्यानं कुलूप धरून काय करू?

 बैठक संपल्यावर काका आमच्या ओसरीवर आले. पान लावलं. मी आत चुलीपाशी उभी राहून वाट बघत होते, कारण ठरलेलं एक साल संपलं होतं आणि ते त्या विषयावर येणार हे मला माहीत होतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या वावराला लागून माझं वावर हाय."

"हाय."

"पुढल्या साली दोन्हीत मिरची लावू."

"बटईनं?" मी विचारलं. 

"न्हाई," काका म्हणाले. "सावडीनं."

मी बाहेर आले. सावडीत मोठंधाकटं नसलं तरी पहिला दिवस कुणाच्या वावरात एवढा मान असतोच आणि तो नेहमी वडीलधाऱ्याचा असतो. ते मी त्यांना विचारलं. काका उठले, पागोटं नीट केलं आणि पायरी उतरता उतरता मागे न बघता म्हणाले, "पहिला दिस तुझ्या वावरात."

भावकीच्या नाही, तुझ्या म्हणाले. मी दारातच उभी राहून रडले. हे विचारू लागले, काय झालं, तर मी सांगितलं, मिरची झोंबली.